कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो, संध्याकाळी सातच्या आसपास हमखास

द्राक्षवेल | ६ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला जेल रोडवर राहते. घरूनच टॅली आणि जीएसटीची कामं करते. पाच-सहा दुकानदार आहेत, त्यातले दोन निफाड आणि पिंपळगावचे खत-औषधवाले. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी अशी जीएसटीची रिटर्नं भरायची असतात, त्यामुळे महिन्याचे हे दोन आठवडे मशीन बंद पडून चालतच नाही. आणि नेमका आत्ताच पडतोय.

निळा स्क्रीन येत नाही, एरर येत नाही, आधी हळू वगैरे होत नाही. कुणी प्लग ओढावा तसा खटकन बंद. कधी आपला आपण परत चालू होतो, कधी मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय हलतच नाही. दिवसा एखाद्या वेळी होतं, पण संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ रोज.

मशीन २०१८ साली असेंबल केलेलं. आय५-८४००, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि एक जुनी हार्डडिस्क, कॅबिनेटसोबतच आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग). ६०० व्हीएचा यूपीएस आहे, त्याची बॅटरी मागच्या दिवाळीत बदललीय.

एका दुकानात नेलं होतं. त्यांनी फॉरमॅट करून विंडोज ११ टाकून दिलं, ८०० रुपये घेतले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतात रॅम बदला. पैसे घालायच्या आधी इथे विचारावं म्हटलं.

---

मेनबोर्ड | ६ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, रॅम अजिबात घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. रॅम बिघडली तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन येतो, मशीन अडकतं, किंवा सुरू होतानाच बीप देतं. मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठत नाही, हे रॅमचं लक्षण नव्हे. एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावून घेतलं की असं होतं.

काही गोष्टी नीट बघून सांगा. बंद पडतो तेव्हा मॉनिटरचा दिवा जळतो की तोही विझतो? यूपीएस चालू असतो का? त्या क्षणी काही आवाज येतो का?

आणि विंडोजचं बटण दाबून धरून एक्स दाबा, यादीत इव्हेंट व्ह्यूअर दिसेल. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथे ४१, ६००८ आणि १०७४ हे तीन नंबर शोधा. ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, त्यात वेळही असते. ४१ म्हणजे कर्नल-पॉवर. लोक हा नंबर बघून घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की रीतसर बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. कारण तो सांगत नाही. मात्र तो उघडून तपशिलात बगचेककोड बघा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीजच गेली असण्याची शक्यता मोठी. १०७४ असेल तर ते कुणीतरी सांगून केलेलं शटडाऊन आहे, बिघाड नाही.

---

सातपूरकर | ७ एप्रिल, सकाळी ८:४०

आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. नाशिकला सध्या दुपारी ४० अंशाच्या आसपास जातंय, त्यात आठ वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) म्हणजे खडूच झाला असेल. आमच्याकडे दोन मशीन याच कारणाने बंद पडायची.

साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने गरगर फिरू देऊ नका. आणि प्रोसेसरच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात, त्या चारही खाली बसल्यात का ते दाबून बघा. एक जरी उचललेली असली तरी पंखा तिरका बसतो आणि प्रोसेसर तापतो.

---

द्राक्षवेल | ८ एप्रिल, रात्री ९:३०

दोघांचेही आभार. दोन्ही कामं केली.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन आठवड्यांत ४१ नंबर चौदा वेळा. सगळीकडे बगचेककोड ०. एकदाच १०७४ सापडला, २ तारखेला दुपारी १२:४०, आणि त्यात विंडोज अपडेटचं नाव आहे. म्हणजे त्या दिवशी मी उगाच रडले.

मॉनिटर विझत नाही, दिवा जळतो आणि ‘नो सिग्नल’ येतं. यूपीएसही चालूच असतो.

काल कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा गालिचा होता, चिमटीत धरून अख्खा उचलता आला. एक खुंटी खरंच वर आली होती. भाच्याने पेस्ट नवीन लावली. काम करताना तापमान ९१ पर्यंत जायचं, आता ६८ च्या वर जात नाही. फार बरं वाटलं.

आणि आज संध्याकाळी ७:०४ ला परत बंद.

---

मेनबोर्ड | ८ एप्रिल, रात्री ९:५२

साफसफाई वाया गेली नाही, ९१ हा काही चांगला आकडा नव्हता. पण हा प्रोसेसर १०० अंशाजवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तुम्हाला मशीन रेंगाळलेलं जाणवलं असतं. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंत की हळू होत नाही. त्यामुळे उष्णतेवर माझा संशय कमीच होता.

आवाजाचं राहिलं. आणि बंद पडण्याच्या वेळा जितक्या आठवतात तितक्या लिहा.

---

द्राक्षवेल | ९ एप्रिल, दुपारी २:१५

वेळा आठवायची गरजच पडली नाही. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, इथल्याच प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरीभर मोजणी आणि नोंद केलेली, ती सवय हाताला अजून आहे. मी वैतागून ओरडले की ते घड्याळ बघून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायचे. मला पत्ताच नव्हता. आज विचारलं तर वही पुढे केली. तशीच उतरवतेय:

‘२८ मार्च सं. ७:०६. २९ मार्च स. ६:१२. २९ मार्च सं. ७:०३. ३१ मार्च सं. ७:०५, टक. १ एप्रिल सं. ७:०४, टक. २ एप्रिल दु. १२:४०, टक नाही. ३ एप्रिल सं. ७:०७, टक.’

‘टक’ म्हणजे काय विचारलं. म्हणाले, तुझ्या टेबलाखालचा तो डबा आधी टक करतो, मग तुझा कॉम्प्युटर जातो. डबा म्हणजे यूपीएस. मी कानात हेडफोन घालून बसते, मला कधी ऐकूच आलं नाही.

---

टर्मिनल_ब्लॉक | ९ एप्रिल, दुपारी ३:२०

सोसायटीची पाण्याची मोटर किती वाजता लावतात?

---

द्राक्षवेल | ९ एप्रिल, दुपारी ३:३१

अगं बाई. सकाळी सव्वासहाच्या आत आणि संध्याकाळी सातला. वॉचमनकाका लावतात.

---

टर्मिनल_ब्लॉक | ९ एप्रिल, दुपारी ४:०२

मग धागा सापडला म्हणा. मी लायसन्सधारक वायरमन आहे, रोजचं काम हेच. मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो. थोडा आला तर दिवा जरासा मिचकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा यूपीएस टक करतोय म्हणजे जास्त येतोय. मल्टीमीटर असेल तर सातला भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. सवय नसेल तर जाणत्या माणसाकडूनच बघून घ्या, हात घालू नका.

---

पाथर्डीफाटा | ९ एप्रिल, रात्री १०:१८

मीच तो पेस्ट लावणारा भाचा. आज मुद्दाम मावशीकडे थांबलो होतो. भिंतीवर २२९ व्होल्ट होते. मोटर लागली तसे मीटरवर १८४ दिसले आणि लगेच वर आले. यूपीएस टक, मशीन बंद. अगदी अण्णांनी लिहिलंय तसं.

मी एसएमपीएसही मोजला. पिवळ्या वायरवर ११.९ व्होल्ट. ११.४ ते १२.६ चालतं, म्हणजे एसएमपीएस ठीक आहे. यूपीएसच गेलाय असं मला वाटतंय.

---

सातपूरकर | १० एप्रिल, सकाळी ९:००

+१. यूपीएस असूनही मशीन जातंय तर यूपीएस कशाला ठेवलाय? तपासायचं असेल तर दोन दिवस यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीवर लावा.

---

द्राक्षवेल | १२ एप्रिल, रात्री ८:४५

जीएसटीआर-१ काल भरून झाले, सकाळी दहा ते चार या वेळात बसून. काल आणि आज मशीन थेट भिंतीवर लावलंय. दोन्ही दिवस सातला मोटर लागली, दिवा मिचकला, मशीन चालूच. म्हणजे यूपीएसच बदलायचा ना? उद्या घेऊन येऊ का?

---

मेनबोर्ड | १२ एप्रिल, रात्री ९:१०

थांबा ताई. एक दिवस थांबा, मी सविस्तर लिहितो, कारण नेमकं इथेच लोकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

घरगुती यूपीएस लाइनवर चालू असताना वीज भिंतीचीच पुढे देत असतो. व्होल्टेज पडला की आतला रिले फिरतो. तोच तुमचा टक. एका बाजूचा संपर्क सुटून दुसऱ्या बाजूला लागेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढा वेळ मशीनला वीज मिळत नाही. हा यूपीएसचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची. यूपीएस साधारण अर्ध्या लाटेच्या आत काम उरकतो.

ही फट भरून काढायची जबाबदारी एसएमपीएसची. त्याच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखा. नळ थोडा वेळ गेला तरी टाकीतलं पाणी चालतं. चांगल्या एसएमपीएसने १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. पण कपॅसिटर आठ वर्षं उन्हाळ्यात तापून सुकला की टाकी लहान होते. मग १० मिलिसेकंदही निघत नाहीत.

भिंतीवर थेट लावलं तेव्हा व्होल्टेज नुसता कमी झाला, तुटला नाही. म्हणून मशीन टिकलं. त्यावरून यूपीएस दोषी ठरत नाही. आणि भाचेबुवा, तुमचे ११.९ खरे आहेत, पण साधा मल्टीमीटर सेकंदातून दोन-तीनदा आकडा बदलतो. दहा मिलिसेकंदांत काय झालं ते त्याला दिसणारच नाही. मॉनिटर का विझत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तो वीजच इतकी कमी खातो की त्याची छोटी टाकी पुरते.

हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पुरावा हवा असेल तर अदलाबदल करा, आणि दोन्ही बाजूंनी करा. तुमच्या यूपीएसवर भाच्याचा एसएमपीएस, आणि भाच्याच्या यूपीएसवर तुमचा एसएमपीएस. एकाच बाजूने केली तर पुन्हा अर्धवट उत्तर मिळेल.

डेटा सांभाळा. आधी बॅकअप. मग एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्हींच्या वायरी काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा. प्रोसेसर कामाला लागतो, डिस्कला धक्का नाही, शिवाय रॅमचीही तपासणी होऊन जाते. मेमटेस्ट चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा. पिन ओढू नका, पिन ओढली की अर्थिंगही सुटतं. दर वेळी किती टिकलं ते लिहा. अण्णांना बसवा वही घेऊन.

---

द्राक्षवेल | १४ एप्रिल, रात्री १०:४०

आज सुट्टी होती, दुपारभर हेच केलं. भाचा त्याचं कॅबिनेट आणि यूपीएस स्कूटरवर दोन फेऱ्या मारून घेऊन आला. बटण बंद करायचं काम माझं, वायरींचं भाच्याचं, वही अण्णांची. प्रत्येक जोडीला दहा वेळा.

माझा यूपीएस, माझा एसएमपीएस: दहापैकी सात वेळा बंद.
माझा यूपीएस, भाच्याचा एसएमपीएस: एकदाही नाही.
भाच्याचा यूपीएस, माझा एसएमपीएस: दहापैकी पाच वेळा बंद.

मेमटेस्टची एक पूर्ण फेरी झाली, एकही चूक नाही. म्हणजे फॉरमॅटचे ८०० तर गेलेच, रॅमचेही गेले असते.

दुसऱ्या जोडीच्या वेळी आम्ही तिघंही बोलायचे थांबलो होतो. टक व्हायचं, आणि स्क्रीनवरचे आकडे पळतच राहायचे. दहाव्या वेळेला अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘बस. आता तो निर्दोष आहे.’

---

पाथर्डीफाटा | १४ एप्रिल, रात्री ११:०२

मी माझा शब्द मागे घेतो. एसएमपीएसच.

---

मेनबोर्ड | १४ एप्रिल, रात्री ११:२०

छान काम केलंत. आता घेताना एक काळजी घ्या. ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला), नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुरेसा आहे, ग्राफिक्स कार्ड नसताना त्याहून मोठा नको. पण चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारी जुळणी) असतो, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाट न देता पायऱ्यापायऱ्यांची देतो. बहुतेकांचं जमतं, काहींचं जमत नाही. म्हणून यूपीएस सोबत घेऊन जा आणि दुकानातच बटण बंद करून बघा. तेवढं करू देणारा दुकानदार निवडा.

जुना एसएमपीएस उघडायचा मोह कुणीही करू नका. आतल्या त्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

---

टर्मिनल_ब्लॉक | १५ एप्रिल, सकाळी ७:५०

एसएमपीएस बदलला की ताईंचा प्रश्न सुटेल, पण माझा नाही सुटला. २२९ वरून १८४ म्हणजे ४५ व्होल्टची घट. साध्या सोसायटीच्या मोटरला एवढी घट पडायला नको. कुठेतरी जोड सैल आहे, बहुधा न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. सैल जोड तापतो, काळा पडतो, आणि तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल पूर्ण सुटला तर काही घरांत २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. मग कॉम्प्युटर राहू द्या, फ्रिज, टीव्ही सगळंच जातं. सेक्रेटरींना आजच सांगा. मीटरच्या पेटीत घरच्या माणसाने हात घालायचा नाही. लायसन्सवाला वायरमन बोलवा, आणि सीलच्या पलीकडचं असेल तर वीज कंपनीकडे रीतसर तक्रार करा.

---

सिन्नरकर | १५ एप्रिल, दुपारी १:१०

धागा वाचनखूण म्हणून साठवला. थोडं अवांतर विचारतो. माझ्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, पण मशीन बंद पडत नाही. हेही एसएमपीएसचंच का?

---

टर्मिनल_ब्लॉक | १५ एप्रिल, दुपारी १:४५

तुमचं अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये लाइन आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटवर निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवणारा कन्व्हर्टर लावला असेल तर आधी तो काढा. तरीही आलं तर सॉकेटमागे अर्थची वायर आहे का ते तपासून घ्या. नव्या बोर्डात नुसतं भोक असतं, मागे वायरच नसते, असं मी खूप घरांत पाहिलंय.

---

द्राक्षवेल | १७ एप्रिल, रात्री ९:१५

काल एम.जी. रोडला जाऊन आलो. कॅबिनेट आणि यूपीएस दोन्ही रिक्षात घालून. दोन दुकानांत तपासू देणार नाही म्हणाले. तिसऱ्याने टेबल मोकळं करून दिलं. पहिला एसएमपीएस लावला, बटण बंद केलं, यूपीएसने लांब शिट्टी मारली आणि मशीन गेलं. मेनबोर्डदादांनी लिहिलं नसतं तर तोच घेऊन आले असते. दुसरा लावला, दहा वेळा बटण बंद-चालू केलं, ढिम्म हलला नाही. तो घेतला, २,४०० रुपये. जुना ई-कचऱ्यात द्यायला बाजूला ठेवलाय, कुणी उघडणार नाही.

आज सकाळी वायरमन येऊन गेला. जिन्याखालच्या पेटीत आमच्या बाजूच्या न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, वायरीचं टोक कोळशासारखं काळं, वरचं प्लॅस्टिक वितळून फुगलेलं. त्याने टोक कापून नवीन थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावला. सेक्रेटरी शेजारीच उभे होते, त्यांनी लगेच बाकीच्या पेट्याही बघून घ्यायला सांगितल्या. अजून एक तशीच निघाली, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची.

संध्याकाळी भाच्याने मीटर लावला. मोटर लागताना २१२.

---

टर्मिनल_ब्लॉक | १७ एप्रिल, रात्री ९:३२

२१२ ठीक आहे. वितळलेल्या पेटीचं वाचून पोटात गोळा आला. वेळेत झालं.

---

द्राक्षवेल | २० एप्रिल, रात्री ८:०५

सगळ्यांची ३बी भरली. शेवटचं पिंपळगावचं होतं, ते मुद्दाम नाही पण योगायोगाने बरोबर सातला सबमिट करत होते. हेडफोन काढून ठेवले होते. मोटर लागली, दिवा हललासुद्धा नाही, टक पण झालं नाही. पावती डाऊनलोड झाली.

अण्णा दारात वही घेऊन उभे होते. त्यांनी लिहिलंय: ‘२० एप्रिल सं. ७:०३. चालू.’